चावायच्या गोळ्या

आई जाऊन महिना झाला. तिच्याबद्दल लिहायला बसलो की आधी शेजारच्या चाचांची भट्टी आठवते.

चाचा तीर्थपुरीच्या बाजारात गोळ्या विकायचे. हैदराबादहून काचेच्या बरण्यांतून येणाऱ्या रंगीत गोळ्या चघळायच्या असत, चाचांच्या चावायच्या. त्यांचे वडील आंब्याचा रस गुळात आटवत. गिरणीची साखर मिळू लागल्यावर चाचांनी चिंच, बोर, पेरूही कढईत घातले. आंब्याची गोळी लवकर विरघळे, चिंचेची जिभेला चरे पाडी. पेरूची सगळ्यांत चिवट, बियांसकट दातांत रुतून बसणारी.

"बिया तरी काढा की, भाऊ," आई म्हणायची.

"बिया काढल्या तर गिऱ्हाईक म्हणंल, यात पेरू कुठंय? बिलकुल न्हाई, भाभी."

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात फौज आली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत कोसळलं. त्याआधी रझाकारांनी आसपासची गावं जाळली होती. माझ्या मामाचं डोकं कुऱ्हाडीनं फोडलं होतं. आता उलटी पाळी मुसलमानांवर आली होती. चाचा रझाकारांत कधीच नव्हते. तरी एका दुपारी दहा-बाराजण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन गल्लीत शिरले आणि आधी आमच्या दारात थांबले.

"मावशे, शेजाऱ्यानं घरात काय लपवलंय?"

आई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्यापाशी काय असणार? गोळ्या हायत डबाभर."

त्या दिवसांत गोळी म्हटलं की माणसांना बंदूकच दिसायची. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. ओसरीवर पुस्तक घेऊन उभा होतो. 'खायच्या' एवढा एकच शब्द घालायचा होता. मी घातला नाही. मला त्यांच्या कुऱ्हाडींची भीती वाटली.

दार पहिल्याच घावात मोडलं. चाचांना केस धरून अंगणात ओढलं.

"बंदूक काढ!"

"बंदूक न्हाई, बाबा. खुदाकसम!"

"मंग गोळ्या कशाला रे? तुझी शेजारीणच बोलली!"

चाचांनी आमच्या दाराकडं पाहिलं. काठी गुडघ्यावर बसली, मग तोंडावर. रक्ताबरोबर दात पडले. चाची उंबऱ्यात किंचाळत होत्या.

आई तूर सांडून धावली. आत घुसून तिनं डबा आणला आणि अंगणात उपडा केला. "ह्या गोळ्या, मुडद्यांनो! खायच्या!"

"खाऊन दाव."

तिनं पेरूच्या चार-पाच एकदम तोंडात कोंबल्या.

"मंग आता बोल. बंदूक हाय का न्हाई याच्याकडं?"

जबडे चिकटले होते. ती मान हलवत होती, बोटांनी तोंडातलं ओढून काढत होती. कुणीतरी हसलं. तिचा 'न्हाई' बाहेर यायच्या आत कुऱ्हाडीचा मागचा बोथट तुंबा चाचांच्या कानामागं बसला.

मारणाऱ्यानं वाकून एक गोळी उचलली, हुंगली, चावली. "गोड हाय की," म्हणाला. मग सगळे पुढच्या गल्लीत गेले.

दिवस मावळायच्या आत चाचा गेले. आईनं चाचींचे पाय धरून सांगितलं, "शब्द माझ्याच तोंडून गेला." पुढं आयुष्यभर ती तेच म्हणत राहिली. आणि मी शेजारी बसून, दर वेळी, ऐकून घेत राहिलो.