नाव येऊन राहिलं

"थांबा भाऊ, नाव येऊन राहिलं."

बाहेर ट्रकचं इंजिन चालू, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, संत्री उन्हात तापतायत, आणि आमचे चाचा हातोडी खाली ठेवून निवांत. अजान सुरू झाली की ते तोंडात धरलेले खिळे तळहातावर काढायचे आणि टोपी सारखी करायचे. पैगंबरसाहेबांचं नाव आलं की दोन्ही अंगठ्यांची नखं ओठांना लावायचे आणि मग मिटलेल्या डोळ्यांवर अलगद ठेवायचे. अजानमध्ये ते नाव दोनदा येतं, चाचाही दोनदा करायचे. मग खिळे पुन्हा तोंडात आणि ठकठक सुरू.

तुम्ही हंगामात कधी पांढुर्ण्याच्या मंडीत आला असाल, तर तिथे कुणाला बसायलाही फुरसत नसते हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यातही मी जरा जास्तच उतावळा. गोदामात एका जागी उभा राहिलो तर मला काही तरी नासतंय असं वाटत राहतं. चाचा माझ्याकडे लाकडी पेट्या ठोकायला होते. "चाचा, गाडी निघायची आहे," मी म्हणायचो. "जाईन ना गाडी. गाडीले चाकं हायेत, ते कुठी पळून राहिली," ते म्हणायचे. हे उत्तर ऐकून माझा रक्तदाब वाढायचा.

एकदा परमुलखातला एक नवा ड्रायव्हर आला होता. त्याने हातोडी खाली ठेवलेली पाहिली, अंगठे तोंडाशी गेलेले पाहिले, डोळे मिटलेले पाहिले आणि धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आला. एका फटक्यात दोन्ही अंगठे ठेचले असं त्याला वाटलं होतं. चाचांनी त्याचं मन मोडू नये म्हणून अंगठे बादलीत बुडवले.

सगळेच मुसलमान असं करत नाहीत, हे मला पुढे कळलं. चाचांच्या मोहल्ल्यातच काहीजण म्हणायचे की याची गरज नाही. चाचा वाद घालायचे नाहीत. "ज्याची त्याची रीत. माह्या बापानं केलं, मी करून राहिलो," एवढंच.

पण ती रीत अंगठ्यांपुरती नव्हती. आमच्याकडे येणाऱ्या एका ड्रायव्हरचं नाव पैगंबरसाहेबांचंच होतं. एका दुपारी तो उशिरा आला आणि मी त्याच्या नावाला जोडून एक सणसणीत शिवी हासडली. चाचा उठून माझ्यापाशी आले. "भाऊ, शिवी ड्रायव्हर म्हणून द्या, आळशी म्हणून द्या. लय राग आला तं मले द्या. त्या नावासंगं नोका देऊ." त्या दिवसापासून मी त्या पोराला 'पंजा छाप' म्हणू लागलो, कारण त्याच्या ट्रकवर पंजा काढलेला होता. त्यालाही ते आवडलं.

पेटीत तणस आणि रद्दी घालतात. घालण्याआधी चाचा पानावर नजर फिरवायचे. पैगंबरसाहेबांचं नाव छापलेलं असेल तर ते पान घडी करून फळीवर ठेवायचे, पायाखाली येऊ नये म्हणून. एका हंगामात त्यांनी एक पान हात लांब करून धरलं, मग जवळ आणलं, मग माझ्यापुढे केलं. "पाहा बरं भाऊ, याच्यात नाव तं नाही?"

मी पान पाहण्याआधी त्यांचे अंगठे पाहिले. दोन्ही नखं काळीनिळी, कारण एक हात थकला की चाचा हातोडी दुसऱ्या हातात घ्यायचे. इतकी वर्षं ज्यांची हातोडी खिळ्यावरून घसरली नव्हती, ते आता रोज स्वतःचीच नखं ठेचत होते आणि कुणाला बोलले नव्हते.

"चाचा, दिसत नाही का?"

"दिसून राहिलं ना. थोडं धुकं हाय."

मोतीबिंदू होता, आणि पिकलेला होता. सौंसरच्या दवाखान्यात चला, माझ्याच गाडीतून नेतो, म्हटलं. नाही म्हणाले. थंडी संपू द्या, संत्र्याचा बहार संपू द्या. मी चिडचिड करत राहिलो, ते टाळत राहिले, आणि अंगठे ठेचत राहिले. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती. अशाने डोळाही जाईल आणि बोटही.

शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. चाचींनी चहा ठेवला. चाचा जमिनीकडे पाहून बोलले.

"भाऊ, लहानपणी मले सांगितलं होतं, हे अंगठे डोळ्याले लावणाऱ्याचे डोळे कधी बिघडत नाहीत. मीच मंडीत सगळ्याले सांगत आलो. आता ऑपरेशन केलं तं लोक म्हणतीन, काय झालं तुमच्या नावाचं? डोळ्याचं जाऊ द्या. नावाले बोल लागन."

त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्यांना त्या नावाची अब्रू मोठी होती, आणि ती सांभाळायला ते आंधळे व्हायला तयार होते.

चाची चहा गाळत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "इतके साल तुमी मोहब्बत करून राहिले होते का दवाई लावून राहिले होते?"

चाचा चहा पिऊ लागले. कप रिकामा झाला तरी त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. मग मला म्हणाले, "कधी नेता?"

ऑपरेशन चांगलं झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी आणि वर टोपण लावून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. नर्सने दोनदा बजावलं की डोळ्यांना हात लावायचा नाही, दाबायचं तर मुळीच नाही. चाची औषधं आणायला गेल्या. मी शेजारी बसून पाय हलवत होतो. आणि जवळच्या मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली.

चाचा सावरून बसले. टोपी सारखी केली. मी नर्सचं बोलणं आठवून त्यांची दोन्ही मनगटं पकडली.

"सोडा भाऊ. नाव येऊन राहिलं."

"डोळा जाईल, चाचा."

नाव आलं. त्यांनी माझ्या मुठीतून हात ओढून पाहिले, आणि नाव निघून गेलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा तसंच गेलं असेल. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"डावा मोकळा आहे, एकाला लावा," मी म्हटलं.

"अर्धा मान देऊ का?"

तिथला अजान देणारा संथ होता, हे बरं झालं. नाव दुसऱ्यांदा येता येता मी मूठ सैल केली, का केली ते सांगता येत नाही. चाचांनी अंगठे ओठांना लावले. हात वर गेले, टोपणाच्या काठाशी थबकले, मग वळले. चाचपडत माझं कपाळ सापडलं, त्याखाली डोळे. मी ते मिटले. काळी पडलेली ती दोन नखं माझ्या पापण्यांवर टेकली, हलकीच, सालीला डाग पडू नये म्हणून संत्रं धरतात तशी.

"पोचलं," चाचा म्हणाले. "डोळे कोणाचे का असनात."

मी पाय हलवत होतो तो कधी थांबला, मला कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी एक पूर्ण हंगाम नीट पेट्या ठोकल्या, एकही नख न ठेचता. मंडीत कुणी डोळ्याविषयी विचारलंच तर म्हणायचे, "डोळा डॉक्टरनं केला. नाव माह्यं हाय." पुढच्या थंडीत छातीत कफ भरला आणि चार-दोन दिवसांत चाचा गेले. मला फार एकटं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

आता माल प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो. गोदामात ठकठक नाही. ट्रक येतात, हॉर्न वाजतात, मी अजूनही सगळ्यांवर ओरडत फिरतो. दुपारी अजान होते. नाव येतं तेव्हा मी जिथे असेन तिथे थांबतो आणि डोळे मिटून घेतो. पापण्यांवर काही टेकत नाही. तरी नाव दुसऱ्यांदा येऊन जाईपर्यंत मी ते उघडत नाही.