मॅडम एवढंच बोलून खाली बसल्या

मी मुखेडची. आमच्या घरात सगळेच बडबडे. साधी एसटी चुकली तरी त्याचं पुराण तासभर चालायचं. त्यामुळं लातूरला ज्या वकील मॅडमकडं मी काम शिकायला लागले, त्या मला पहिल्या आठवड्यातच खडूस वाटल्या. मी चार पानी अर्ज लिहावा, त्यांनी तो पानभर करून परत द्यावा. "न्यायाधीश साहेबांना दुसरीही कामं असतात, बाई," म्हणायच्या. असा राग यायचा ना!

एकदा एक शिंपीचाचा आले. भाड्याच्या दुकानावर मालकानं परस्पर आपलं कुलूप ठोकलेलं. आत मशीन आणि लग्नाचे कपडे.

"लोकांच्या पोरींची लग्नं तोंडावर आलीत, मॅडम. कपडे न्हाई दिले तर इज्जत जाती. पुन्हा कोण येईल माझ्याकडं?"

चाचांनी पार वडिलांच्या काळापासून सगळं सांगितलं. मॅडम दुपारभर ऐकत बसल्या, एकदाही टोकलं नाही. मी मात्र जांभया दाबत होते.

कोर्टात मालकाचा वकील लई रंगला. मालकाची अडचण, चाचांचा स्वभाव, शेजाऱ्यांच्या तक्रारी, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. मागच्या बाकावर चाचांचं तोंड उतरत चाललं. वकील जितका वेळ भांडेल तितका भारी, असंच आमच्याकडं समजतात.

मॅडम उठल्या. "साहेब, कुलूप मालकानं लावलं, हे त्यांना कबूल आहे. त्यासाठी कोर्टाचा हुकूम होता का, एवढंच त्यांना विचारावं." आणि खाली बसल्या.

"बस? और बोलो ना!" चाचा मागून कळवळले. मीसुद्धा मॅडमचा गाऊन ओढला. त्यांनी डोळे वटारले तसा मी तो सोडला.

साहेबांनी विचारलं. वकिलानं कागद चाळले, अशिलाकडं पाहिलं. "नव्हता, साहेब." एवढं लांबलचक बोलून नेमकं हेच त्यानं सांगितलं नव्हतं. कुलूप आजच काढा, असा हुकूम झाला.

आम्ही चाचांबरोबर दुकानापर्यंत गेलो. शटर वर गेलं. चाचांनी एक अर्धवट शिवलेला लाल ब्लाऊज उचलला, झटकला, न्याहाळला आणि तिथूनच नवरीच्या आईला फोन लावला.

"माय, पोरीला घेऊन ये. दुकान उघडं हाय."

फोन ठेवून चाचा थेट मशीनवर बसले. मॅडम रस्त्याकडं तोंड करून डोळे पुसत होत्या, आणि मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.