शालन अक्का आणि फिटच्या गोळ्या

माझी अक्का औषध मागायच्या लाजेपायी गेली.

आज पन्नास वर्षं झाली. घरात ही गोष्ट कुणी पूर्ण कधीच सांगितली नाही. आज मी सांगते.

शालन अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मॅट्रिक झालेली, शिवणकामात एक नंबर. मंगळवार पेठेतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे असायचे.

तिला फिट यायच्या.

म्हणजे आधी यायच्या. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यावर तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. त्यांनी बजावून ठेवलं होतं, एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही.

गोळ्या आमचे वडील, अण्णा आणायचे, ते शिकवायचे त्या शाळेजवळच्या दुकानातून. मग अण्णांची बदली राधानगरीकडं झाली. ते शनिवारी रात्री घरी यायचे आणि रविवारी दुकानं बंद असायची. आईला चिठ्ठी वाचता यायची नाही. मग अक्का म्हणाली, "मीच जातो की. कोपऱ्यावर तर दुकान हाय."

मला सोबत घेऊन गेली. मी आठवीत होते.

संध्याकाळचे पाच वाजले असतील. काउंटरला गर्दी. दुकानदारानं चिठ्ठी बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या फिटच्या गोळ्या हायत. कुणाला येत्यात फिट?"

अक्का हळूच म्हणाली, "घरात हायत एक."

"एक म्हंजे कोण? चिठ्ठीवर शालन लिवलंय. तुमीच काय शालन?"

अक्कानं मान हलवली.

"मग तोंडानं बोला की तसं! आन् जरा मागं सरून उभं ऱ्हावा. हितं काचा हायत. पडला-बिडला तर जबाबदारी कुणाची?"

दोघंतिघं हसले.

एका बाईनं आपली लहान पोरगी अक्काजवळून ओढून घेतली. मग शेजारणीला विचारलं, "कुणाची गं ही?"

अक्का मागं सरली. तिच्यानंतर आलेल्या सगळ्यांना औषधं मिळाली. शेवटी त्यानं गोळ्यांची पुडी काउंटरवरनं भिरकावली. ती खाली पडली. अक्कानं वाकून उचलली.

मी कुठं होते?

मी पायरीवर होते. रस्त्याकडं तोंड करून. ही माझी बहीण आहे हे कुणाला कळू नये म्हणून.

येताना अक्का एवढंच बोलली, "आईला सांगू नको."

त्याच महिन्यात तिला कबनूरचं स्थळ आलं होतं. त्यांचे घरचे कापड विणायचे माग होते. मुलगी पसंत होती, बोलणी तेवढी राहिली होती. फिटचं त्यांना सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, आता येत न्हाईत तर कशाला सांगायचं. अक्काला धास्ती बसली होती की दुकानातली ती बाई कुठंतरी बोलेल आणि ते कबनूरपर्यंत जाईल.

पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या.

दुपारी मी अभ्यास करत होते. अक्का जवळ येऊन बसली. "बेबी, एवढ्या गोळ्या आणून देतीस काय गं? तुला कोण काय म्हणणार न्हाई."

मी म्हटलं, "मी न्हाई जाणार. तिथं माझ्या वर्गातल्या पोरी येत्यात. त्यांना वाटंल मलाच फिट येत्यात."

तिनं हातातल्या चिठ्ठीची घडी घातली.

मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, आणल्या. आई रोज विचारायची, "गोळी घेतलीस?" ती रोज म्हणायची, "घेतली."

नवव्या दिवशी सकाळी माडीवर कपडे वाळत घालताना ती पडली.

फिट थांबली, असं वाटेपर्यंत दुसरी आली. मग तिसरी. शेजारच्या काकांनी रिक्षा आणली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या बंद केल्या होत्या का?"

आई म्हणाली, "न्हाई हो. रोज घेत होती."

दुपारी बाराच्या आत अक्का गेली. बावीस वर्षांची होती.

तिच्या ट्रंकेत ब्लाउजच्या कापडांखाली डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. रिकामी पुडी पण.

तेव्हा मी दुकानातलं सगळं सांगितलं. माझं सोडून.

तेराव्यानंतर अण्णा त्या दुकानात गेले. मी बरोबर होते.

"बोला पावणं, काय पायजे?"

अण्णा म्हणाले, "माझी लेक गेली. तुमच्याकडं गोळ्या न्यायला आलती. तुमी तिला चारचौघांत बोलला. परत यायचं तिला धाडस झालं न्हाई."

त्यानं अण्णांकडं नीट बघितलंसुद्धा नाही. "रोज शंभर माणसं येत्यात. कोण कोण ध्यानात ठेवायचं? औषध पायजे काय? नसंल तर बाजूला व्हा, मागं गर्दी हाय."

माझे अण्णा, चौथीच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारे, बाजूला झाले.

पुढं त्या दुकानाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

आई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मी पुडी बघाय पायजे होती. नुसतं विचारत बसले." म्हातारपणी तर रोज. मी तिच्या शेजारी बसून ऐकायचे. एका वाक्यानं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

आता आई नाही. अण्णाही नाहीत. दुकान कधीच बंद झालं.

त्या माणसाचा राग आजही येतो. पण त्याला अक्का कोण हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अक्का, पाच मिनिटांचं काम होतं गं.

मी जायला पाहिजे होतं.

शालन अक्काला पन्नासाव्या स्मृतिदिनी भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

तुझी बेबी