मध्यावर थांबलेला काटा

रमाकांत सबनिसांना लोकांच्या गाड्यांपेक्षा लोकांचीच किळस अधिक येई. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, वडील मास्तर, आणि यांनी बडोद्याजवळ छाणीला गॅरेज काढलं. घरच्यांनी तेव्हा जे नाक मुरडलं, ते पुढे यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर बसवून घेतलं. इंजिन बिघडतं, पण लबाडी करत नाही, असं ते म्हणत. माणसांबद्दल ते काही म्हणत नसत, नुसतं थुंकत.

त्या हिवाळ्यात कुसुमावती प्रधानांची गाडी दोरीने ओढून आणावी लागली. बाई करजणच्या शाळेत शिकवत, रोज हायवेने जात-येत. पेट्रोल इंजेक्शनच्या, सेन्सरवर चालणाऱ्या गाड्या बडोद्यात तेव्हा नव्याच होत्या. महिन्यापूर्वी रेडिएटरचा पंखा अखंड फिरतो म्हणून बाईंनी हीच गाडी आणली होती. रमाकांत तापाने घरी पडले होते. काम जनार्दनने केलं. जनार्दन म्हणजे त्यांच्या बायकोचा, विमलचा धाकटा भाऊ आणि गॅरेजातला भागीदार. तापमानाचा सेन्सर बदलला म्हणाला, आणि पंखा खरोखरच गप्प झाला. नंतर मात्र गाडी सकाळी सुरू व्हायला रडू लागली, आणि आता करजणजवळ बॉनेटमधून वाफेचे लोट उसळले होते. तापमानाचा काटा तर मध्यावरच होता, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

रेडिएटरची नळी फुटली होती. आत उरलेलं पाणी चहाच्या चोथ्यासारखं, गंजकं, आंबूस वासाचं. ते पाहून बाईंचा चेहरा पडला. "बोअरचं पाणी मीच घालत आले, सबनीस. माझीच चूक." बाईंनी गाडी लगेच थांबवली होती, म्हणून इंजिन वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांतनी नुसती किल्ली फिरवली. रात्रभर थंडीत उभं असलेलं इंजिन हाताला गार लागत होतं, आणि काटा सरळ मध्यावर जाऊन बसला. म्हणजे इंजिन गरम आहे असं कोणीतरी गाडीला सांगत होतं. त्यांनी सेन्सरच्या तारांवरची काळी चिकटपट्टी सोलली. तारा कापलेल्या होत्या आणि मधे मसुरीच्या दाण्याएवढा एक रेझिस्टन्स डाख देऊन जोडलेला होता. मेलेला जुना सेन्सर आपल्या जागी कुजक्या दातासारखा रुतून होता. इंजिन गार असो की उकळतं असो, तो दाणा एकच सांगायचा: सगळं ठीक आहे. म्हणून सकाळी गाडी रडायची, आणि खरी तापली तेव्हा पंखा फिरलाच नाही.

जनार्दन गाडीला टेकून फाफडा खात होता. तेलकट बोटं त्याने पँटला पुसली. सेन्सर अहमदाबादहून यायला वेळ लागला असता, त्याने सांगितलं. "चाले भाऊजी, बधा करे छे, सगळेच करतात. आणि बाई आपणहून बोअरच्या पाण्याचं म्हणतायत ना? मग आपण कशाला तोंड उघडायचं? ताईला काय सांगाल, तुझ्या भावाची अब्रू काढली?"

खोटं रचायचीसुद्धा गरज नव्हती. बाई ते तयार करून घेऊन आल्या होत्या. रमाकांतनी फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं फार सोपं होतं. त्यांनी सेन्सरसाठी अहमदाबादला फोन लावला.

नवा सेन्सर आल्यावर त्यांनी तो कढत पाण्याच्या ग्लासात धरला. पाणी निवू लागलं तसा मीटरवरचा रेझिस्टन्सचा आकडा चढू लागला, चांगल्या सेन्सरचा चढतो तसा. मग तारा सरळ केल्या, सेन्सर बसवला, नळी बदलली, कूलंट भरलं. इंजिन चालू ठेवून ते उभे राहिले. काटा रेंगाळत वर आला, पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला.

बाई गाडी न्यायला आल्या. रमाकांतनी रेझिस्टन्स त्यांच्या तळहातावर ठेवला.

"पाण्यानं नाही झालं, बाई. सेन्सर बदललाच नव्हता. हे जोडून गाडीला फसवलं होतं. जनार्दननं."

बाईंनी तो दाणा निरखला. मग जनार्दनकडे वळल्या. "वर्गात असला पोर निघाला तर मी त्याला दाराबाहेर उभं करते. तुम्हाला कुठं उभं करू?" रमाकांतकडे त्यांनी पाहिलंही नाही. गाडी घेऊन गेल्या, त्या पुन्हा कधी छाणीला आल्या नाहीत.

जनार्दन त्या संध्याकाळी नेहमीसारखा बहिणीकडे जेवायला बसला. त्याचं सगळं आधीच सांगून झालं होतं, हे विमलच्या ताट आपटण्यावरून कळत होतं.

"परक्या बाईसाठी घरचा माणूस उघडा पाडलात," ती म्हणाली.

रमाकांतनी घास गिळला. "उद्यापासून गॅरेजात येऊ नकोस," ते जनार्दनला म्हणाले.

जनार्दनने मान वर न करता भात मागितला. विमलने वाढला, वर तूपही घातलं.