अकरा बाटल्यांची लेबलं

पुण्यातल्या एका हॉटेलासाठी वाइन निवडणं हे माझं काम आहे. यादीत कोणती पांढरी असावी, कोणती लाल, कोणती बुडबुड्यांची, कोणती याच वर्षी संपवावी आणि कोणती तळघरात सात-आठ वर्षं पडू द्यावी, हे मी ठरवते. वाशिमकडच्या, अनसिंगजवळच्या आमच्या गावात हे असं सांगून चालत नाही. तिथे दारू म्हणजे दारू, आणि तिचे प्रकार दोनच, देशी नि विंग्रजी. म्हणून बाबांनी माझ्या नोकरीचं आपल्या परीने एक वर्णन तयार केलं होतं आणि विचारील त्याला ते ऐकवत.

"माही पोरगी तपासणीस हाय. तोंडात घेते, खळखळते, थुंकते. गिळत नाई."

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. पौर्णिमेला विहारात वंदना तेच घेतात. ते पुढे म्हणतात आणि आमची सगळी वस्ती मागून म्हणते. पाच शीलांतलं पाचवं, मादक पदार्थापासून दूर राहण्याचं, त्यांच्यासाठी नुसतं म्हणायचं नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी मोहाची दारू सोडली, ती सोडलीच. त्याआधी आमच्या घरात कोणी पाटी हातात धरली नव्हती. बाबा शाळेत गेले, मास्तर झाले, मला विज्ञान शिकायला बाहेर पाठवलं. हे सगळं त्या एका सोडण्यातून आलं, असं ते मानतात. मला त्यात काही खोटं दिसत नाही.

बाबांचं वर्णन कामापुरतं अगदी खरं होतं. सकाळी दहा वाजता समोर तीस-चाळीस पेले मांडलेले असतात. त्यातलं गिळत बसले तर दुपारपर्यंत मीच आडवी होईन. शेजारी स्टीलचं भांडं असतं, त्यात थुंकायचं, पाणी प्यायचं, लिहायचं, पुढचा पेला. कंटाळवाणं काम आहे, पण ते मला चांगलं जमतं. राहिला प्रश्न शुक्रवारच्या संध्याकाळचा. शुक्रवारी मी घरी येते, भाजी टाकते आणि एक पेला वाइन पिते. गिळते. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. पंधरा वर्षं त्यांचं अर्धं खरं मी पूर्ण म्हणून चालू दिलं.

माझ्या जिभेचं शिक्षण नाशिकला झालं असं प्रमाणपत्रावर लिहिलंय. खरं म्हणजे ते आमच्या हरभऱ्यात झालं. हिवाळ्यात हरभऱ्यावर पांढरं फडकं पसरून ठेवायचं. पाल्यावरची आंबट आंब दवाबरोबर त्यात उतरते. सकाळी फडकं पिळून ती बाटलीत भरायची. पोट दुखलं की आई चमचाभर द्यायची आणि दोन्ही गालांत पाणी सुटायचं. पांढऱ्या वाइनमध्ये मी आजही आधी ती आंब शोधते. थुंकल्यावरही गालात पाणी सुटत राहिलं तर ती वाइन टिकणारी. नाही सुटलं तर तिचा वास कितीही गोड असो, ती याच उन्हाळ्यात विकून मोकळं व्हायचं. लाल वाइनमध्ये कच्च्या टेंभुर्णीचा तुरटपणा पाहते. जीभ टाळूला चिकटली पाहिजे, पण त्याच्या मागे फळ लपलेलं कळलं पाहिजे. नुसता तुरटपणा असेल तर वर्षांनी फळ येत नाही, तुरटपणाच म्हातारा होतो. बुडबुड्यांची वाइन निवडताना मी पेला काही वेळ तसाच ठेवते. ठसका देऊन दोन मिनिटांत निपचित पडते ती लग्नाच्या टेबलावर जाते. बारीक बुडबुड्यांची रांग चालू राहिली आणि वास टोस्टच्या डब्यासारखा आला, तर ती मी जपून वापरते.

पहिल्याच घोटात खूश करणारी वाइन सहसा ठेवण्याची नसते. ठेवायची ती आज अडेल असते. हे हॉटेलातल्या पाहुण्यांना पटवण्यातच माझी अर्धी नोकरी खर्च होते. त्यांना दहा वर्षांनंतरची वाइन आजच हवी असते.

माझ्या स्वतःच्या अशा अकरा बाटल्या होत्या. चार नाशिकच्या लाल शिराज, तीन इटलीतल्या डोंगराळ भागातल्या लाल, दोन जर्मन पांढऱ्या रिस्लिंग आणि दोन बुडबुड्यांच्या. हॉटेलाच्या खर्चातली एकही नाही. एकेक करून, आपल्या मनाने निवडलेल्या.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी दोन महिन्यांची रजा घेतली. माझी पुण्यातली खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि बाटल्या ठेवायचा छोटा फ्रिज नेमका त्याच आठवड्यात बंद पडला. बंद खोलीत उन्हाळाभर त्या उकडून गेल्या असत्या. वाइनप्रेमी लोक बाटल्या थंड देशात पाठवतात, मी त्या वाशिमला नेल्या. दारू बाळगायचा परवाना पर्समध्ये आणि बाटल्या साड्यांच्या घड्यांमध्ये. घरामागे आमची धाब्याची एक जुनी खोली आहे, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं छत, बियाण्याची पोती ठेवायची. बाहेर पारा बेचाळीसवर होता तेव्हा आत सत्तावीस भरला. पुस्तकात तेरा-चौदा लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणारा आमच्याकडे एप्रिलमध्ये आला नसावा.

मी बाटल्या तुरीच्या पोत्यांआड जमिनीवर आडव्या ठेवल्या, बूच ओलं राहावं म्हणून. बाबांना सांगितलं, कामाच्या आहेत. ते म्हणाले, "बरं." बस.

मधे आठ दिवस मला पुण्याला जावं लागलं. परत आले तर सगळ्या बाटल्या उभ्या, रांगेत, आणि प्रत्येकीला ओलं फडकं गुंडाळलेलं. वॉकर टेकत टेकत आईने हे केलं होतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं चालू होतं.

"पडल्या व्हत्या सगळ्या," आई म्हणाली. "उभ्या केल्या. अन् माठाले करतो तसं ओलं फडकं बांधलं. उन्हानं फुटल्या असत्या त?"

फडकी सोडली तशी लेबलं हातात आली. काहींचा लगदा झाला होता. मी हसले, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडलेही. पण बरं न झालेल्या पायावर उभं राहून माझ्यासाठी एवढं करणाऱ्या बाईवर किती चिडणार. बाटल्या मला आकारावरून ओळखता येत होत्या. रिस्लिंगच्या उंच, सडपातळ. बुडबुड्यांच्या जड, तोंडाला तार. शिराज आणि इटलीच्या खांद्यांवरून, काचेवरच्या उठावाच्या अक्षरांवरून, बुचावरच्या वेष्टनाच्या रंगावरून. साल मात्र माझ्या डोक्यातच होतं.

बाबा दारात उभे राहून पाहत होते. मग घरात गेले आणि ट्रंकेतून वह्यांना चिकटवायची लेबलं घेऊन आले. शाळेतली उरलेली. नाव, इयत्ता, विषय, अशा तीन ओळींची.

"डोक्यात ठेवलेलं ऱ्हात नाई," ते म्हणाले. "सांग, मी लिवतो."

बाबांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं आहे. पोत्यावर बसून त्यांनी चष्मा लावला. इयत्तेवर काट मारून साल लिहिलं. विषयाच्या जागी लाल, पांढरी, असं. मला गंमत वाटत होती. दारूच्या बाटलीला हात लावणारा आमच्या घरातला हा दोन पिढ्यांतला पहिला पुरुष, आणि तो तिला वहीचं लेबल लावत होता. तिसऱ्या बाटलीनंतर त्यांनी आपणहून खाली एक चौथी ओळ आखली.

"केव्हा उघडायची तेबी लिवलं पायजे. नाई त ठेवून उपयोग काय?"

"हे रिस्लिंग चार वर्षांनी," मी म्हणाले. "शिराज दोन वर्षांत. बुडबुड्याची याच दिवाळीपर्यंत."

ते लिहीत गेले. मग इटलीची पहिली बाटली त्यांनी मांडीवर घेतली.

"अन् हे?"

"याले अजून धा वर्षं थांबा लागंल."

त्यांनी पेन उचलून धरलं. लिहिलं नाही.

"धा वर्षं," ते म्हणाले. "थुंकाले धा वर्षं कायले थांबतं वं?"

उत्तरं बरीच होती. विकायच्या आहेत म्हणता आलं असतं. नमुने आहेत म्हणता आलं असतं. हट्टी गिऱ्हाइकांना बोलून बोलून पटवण्याचा मला पगार मिळतो. पण बाबांनी हा प्रश्न आरोप म्हणून विचारला नव्हता. गणित चुकलेल्या मुलाला विचारावं तसा विचारला होता, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गिळतो मी, बाबा," मी म्हणाले. "कामावर नाई. घरी. हप्त्यातून एखादा गिलास."

"कवापासून?"

"नोकरी लागली तवापासून."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत लावला.

"म्हंजे पंधरा वर्षं मी लोकाईले खोटं सांगून राह्यलो."

"तुमाले माहीत नव्हतं. मंग ते खोटं कसं?"

"माहीत नव्हतं तवर नव्हतं," ते म्हणाले.

मग त्यांनी चौथ्या ओळीवर दहा वर्षांपुढचं साल लिहिलं, लेबलाला थुंकी न लावता पाणी लावलं, चिकटवलं आणि पुढची बाटली मागितली. अकराच्या अकरा पूर्ण केल्या. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मी बत्तीस गोष्टी ऐकवल्या असत्या, की वाइन म्हणजे मोहाची दारू नव्हे, की मी कधी तोल घालवला नाही, की माझ्याच पगारातून आईचं ऑपरेशन झालं. यातलं एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही.

पुढचे दोन आठवडे घरात नेहमीसारखे गेले. बाबा माझ्याशी बोलत होते, पेपरातलं वाचून दाखवत होते, आईच्या व्यायामाची आठवण करत होते. एकच फरक पडला. कोणी भेटायला आलं आणि माझ्या नोकरीचं विचारलं, तर ते उठून पाणी आणायला आत जात. मला भीती होती ती बुद्ध पौर्णिमेची. ज्याच्या घरात पाचवं शील मोडतं त्याने इतरांना ते कसं द्यावं, असा विचार करून ते वंदना सोडतील असं मला वाटत होतं. विहार सुटला तर त्यांचं काय उरेल, हे मला ठाऊक होतं. आणि तो माझ्यामुळे सुटला असता.

त्यांनी सोडली नाही. पौर्णिमेला सकाळी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून ते पुढे बसले आणि वंदना सुरू केली. मी बायकांच्या दुसऱ्या रांगेत होते. चार शीलं मी सगळ्यांबरोबर म्हटली. पाचव्याला माझे ओठ उघडले नाहीत. पंधरा वर्षं बिनदिक्कत म्हणत आले होते. त्या दिवशी जमलं नाही. बाबांचा आवाज मात्र पाचही शीलांना सारखाच होता.

नंतर विहाराच्या मांडवात खीर वाटली. बाबांची एक चुलतबहीण रिठदहून आली होती. मोठ्याने बोलणारी, मनाने वाईट नाही. तिने द्रोण हातात घेतला आणि पंधरा-वीस माणसांत विचारलं,

"काहो भाऊ, पोरगी दारूच्या धंद्यात हाय म्हंतात. मंग पेत असंल ना ते?"

सगळे बाबांकडे पाहू लागले. प्रश्न माझ्याबद्दलचा होता आणि मी चार हात अंतरावर उभी होते. मला उत्तर देता आलं असतं. मी द्रोणातल्या खिरीकडे पाहत राहिले.

"तपासणीस हाय ते," बाबा म्हणाले. "थुंकते. गिळत नाई."

आवाज वर्गातला, खणखणीत. बहिणीने मान डोलावली, कोणीतरी आणखी खीर मागितली आणि विषय संपला. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते त्यांनी अर्ध्या तासापूर्वी याच माणसांकडून म्हणवून घेतलं होतं.

घरी परतताना आम्ही दोघेच होतो. ऊन चढलं होतं. त्यांनी उपरणं डोक्यावर घेतलं. बरंच चालून झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, तुमी काहून..."

"आज बोललो," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेले माह्याच्यानं होनार नाई. पुढच्या पौर्णिमेले कोनी इचारलं त तू सांगजो."

मी हो म्हणाले.

रजा संपली, मी पुण्याला परतले. पुढच्या पौर्णिमेला मी गावी गेले नाही. हॉटेलात काम आहे, असं आईला फोनवर सांगितलं. काम नव्हतं.