बाबूभाईंसाठी सोडलेली जागा

तात्या प्रश्न विचारून असे थांबायचे की समोरच्याला घाम फुटावा. शेवगावच्या त्यांच्या भुसार दुकानात "काय पायजे?" म्हणून एकदा थांबले की गिऱ्हाईक काय घ्यायला आलंय तेच विसरायचं. रेडिओवरच्या दोघांच्या विनोदी कार्यक्रमात मात्र त्या थांबण्यानंतर बेलापूरचे बाबूभाई बोलायचे आणि घराघरांत हशा पिकायचा. मी तेव्हा केंद्रावर निवेदिका होते. काचेपलीकडे बसून तोंडात पदर कोंबून हसायचे.

तात्या स्वतः कधी हसले नाहीत. लोक त्यांना घुम्या म्हणत. मी एकदा न राहवून विचारलंच, तर म्हणाले, "मी हसलो तर त्याचं पुढचं कोन ऐकनार, ताई?"

दोघांची कामाची तऱ्हाही अजब. बाबूभाई शिंपी; कागद समोर आला की त्यांची बोलती बंद. म्हणून तात्या घरी कॅसेटवर आपले प्रश्न तेवढे बोलत, प्रत्येक प्रश्नापुढे जागा मोकळी सोडत आणि कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन बेलापूरला धाडत. बाबूभाई शिवता शिवता ती लावायचे आणि मोकळ्या जागांत उत्तरं बोलून बघायचे. ती लिहिलेली कुठेच नसत. तात्यासुद्धा ती रेकॉर्डिंगलाच पहिल्यांदा ऐकत, आणि तरी हसत नसत. "बाबूभाई, एसटी चुकली कशी?" "चुकली न्हाई, तात्या. मी येतोय हे तिला बराबर म्हाईत हुतं." एवढं एक उत्तर आमच्या भागात अजून लोकांच्या तोंडी आहे.

पुढे कार्यक्रम बंद पडला. ते दोघांनीही फार मनाला लावून घेतलं नाही. आठवड्याला फोन असायचाच. मागच्या वर्षी बाबूभाई गेले आणि तात्या खचलेच. दुकान मुलाच्या हाती देऊन खाटेवर पडून राहू लागले. एक दिवस त्यांचा मला फोन आला. "ताई, त्याचा चेहरा दिसतो, पन आवाज येईना झालाय. एकदा ऐकव मला. लई दिवस न्हाईत माझे."

मी शब्द दिला. काय म्हणून दिला कोण जाणे. टेपा पुसून पुन्हा वापरायची तेव्हा रीतच होती, त्यामुळे केंद्रावर काही उरलं नव्हतं. ओळखीच्या श्रोत्यांना विचारलं. जो तो एसटीचा किस्सा सांगून हसायचा आणि आपल्याकडे कॅसेट नाही म्हणायचा. मला त्या हसण्याचा राग यायला लागला. शेवटी बाबूभाईंच्या मुलाला त्यांच्या मशीनच्या खणात एक कॅसेट सापडली. माझ्या घरचा जुना टेपरेकॉर्डर बरोबर घेऊन मी धावतच बेलापूरला गेले आणि कॅसेट घेऊन तशीच शेवगावला पोचले. आधी ऐकून बघावी एवढंही सुचलं नाही.

तात्यांना उशीला टेकून बसवलं. बटण दाबलं. तात्यांचाच आवाज आला, तरणाताठा. "बाबूभाई, पोराला बघायला पाव्हने आले तवा तुमी माळ्यावर काय करत हुता?" आणि पुढे नुसती खरखर. ती कॅसेट प्रश्नांची होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंद करायला हात पुढे केला, तर तात्यांनी तो धरला. ते त्या खरखरीकडे कान लावून होते.

"हितं काय म्हनला हुता गं तो?" त्यांनी विचारलं. "मला आठवंना. तू तर हसायचीस. तुला ध्यानात आसंल."

मी हसले होते. काच हादरेल इतकी हसले होते. पण का हसले होते, ते काही केल्या आठवेना.

"न्हाई आठवत, तात्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. टेप चालूच होता. पुढचा प्रश्न आला, मग मोकळी जागा, मग आणखी एक प्रश्न. कॅसेट संपेपर्यंत तात्या दर प्रश्नाला पूर्वीसारखेच थांबत राहिले, आणि मीही त्यांच्याशेजारी थांबत राहिले.