तिसरी वायर जादा होती

माझ्या ताईच्या लग्नात मंगलाष्टकं वाजली, पण ती कोणालाही ऐकू आली नाहीत.

दोष माझा नव्हता. (होता. पण तेव्हा मला तत्त्वं होती!) त्या वर्षांत मी वडनेर भोलजीत पत्रकं वाटत फिरायचो: 'घरचं बियाणं, घरचं खत!' बीटी कपाशीची पाकिटं दरसाल विकत आणायची आणि बोंडअळीने ती फुकटात खायची, हा व्यवहार मला मान्य नव्हता. ताईचं लग्न ठरताच मी घरात जाहीर केलं, "हुंडा नाही, डीजे नाही. मंगलाष्टकंही नवी. मीच लिहिणार, मीच गाणार!"

"गाणार?" बाबांनी बोंडअळी दिसल्यासारखं तोंड केलं.

"रेकॉर्ड करून, बाबा. मोबाईलवर वाजवू."

"पाय बे, शेगाववाल्या व्याह्यांसमोर हसं झालं ना, त मंडपातूनच हाकलून देईन तुले!"

पाचही कडव्यांत मी मुलीची बाजू घेतली होती. तिला विचारा, तिला बोलू द्या, तिचा आवाज दाबू नका! बुलढाण्याच्या एका मित्राने सनई-तबला घालून रेकॉर्डिंग झकास करून दिलं. आता फक्त मोबाईल भोंग्याच्या मशीनला जोडायची वायर हवी होती.

"तयार हाय ना, घेऊन जा," रेडिओ दुरुस्त करणारे सलीमभाई म्हणाले.

"बियाणं कंपनीचं, औषध कंपनीचं, आता वायरही कंपनीची? मी घरीच बनवणार!"

"बनव बाप्पा, बनव."

मी ताईचा इअरफोन कापला. (तिला न विचारता. 'तिला विचारा' हे कडवं वाजायला अजून दोन दिवस होते.) आतून तीन बारीक तारा निघाल्या: लाल, हिरवी आणि तांब्याची. मशीनच्या पिनेला जोडायच्या जागा मात्र दोनच. एकीला लाल पिळली, दुसरीला हिरवी.

"अन् हे तिसरी?" आईने विचारलं.

"जादा आहे. गरज नसलेलं गळ्यात मारायचं, ही कंपन्यांची जुनी खोड!" मी ती खटकन कापून टाकली.

मोबाईल जोडला. सुरुवातीची सनई अशी घुमली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली! तेवढ्यावरच मी विजयाने मोबाईल बंद केला. बाबा माझ्याकडे पाहून चक्क हसले.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. मंडपात प्रत्येकाच्या मुठीत अक्षता म्हणून रंगवलेली ज्वारी. मी बटण दाबलं. सनई वाजली. तबला वाजला. मग सनई. मग तबला. माझा आवाज कुठेच नाही! मी मशीनचा आवाज वाढवला. तबला वाढला.

"सावधान कवा येते हो?" काकू कुजबुजली.

"अजून सुरूच नाही झालं वाटते."

नवरदेवाच्या मामांनी अंदाजाने अक्षता टाकल्या. ते पाहून मागच्यांनीही टाकल्या. "काऊन घाई करून राह्यले बे!" पुढचे ओरडले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पाट नाकापर्यंत उतरला आणि नवरदेव वरून डोकावू लागले.

"व्याही, मुहूर्त चालला न!" नवरदेवाचे वडील म्हणाले.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मंडपाच्या दाराकडे. घाबरून मी वायर हलवली. ती निघून हातात आली! आता सनईही गेली.

त्या शांततेत अंतरपाटाआडून ताई कडाडली, "शुभमंगल सावधान! टाका हो अक्षता, हार धरून हात दुखून राह्यले माह्ये!"

मंडपभर हशा पिकला आणि ज्वारी बरसली. "पोरगी खमकी हाय आपली!" नवरदेवाच्या वडिलांनी बाबांना मिठीच मारली. मी मंडपात टिकलो.

नंतर सलीमभाईंनी वायर पाहून कपाळाला हात लावला. "तिसरी कापली? अरे, थे दोघींची परतीची वाट होती! आता दोन्हीकडून जे सारखं येते थे एकमेकाले कापते. सनई एकीकडून, तबला दुसरीकडून, म्हणून थे वाचले; गाणाऱ्याचा आवाज मात्र दोन्हीकडून सारखाच असते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून तिसरी तार जोडून आणली, घरच्यांना ओट्यावर बसवलं आणि मंगलाष्टकं लावली. माझा आवाज खणखणीत घुमला! पहिल्या कडव्याला म्हैस आत वळली. दुसऱ्याला आई चहा ठेवायला गेली. तिसऱ्याला बाबा उठले आणि कात्री घेऊन आले.

"पोरा, तुह्यंच खरं होतं," ते म्हणाले. "तिसरी वायर जादाच हाय."